चारपेक्षा कमी

आकडा आलाच नाही. बाकीच्या नमुन्यांपुढे यंत्राने निमूटपणे आकडे मांडले होते, अठरा, अकरा, तेवीस, नऊ. या एकाच ओळीत चोच वासल्यासारखी ती खूण होती आणि तिच्यापुढे चार. चारपेक्षा कमी. किती कमी, ते यंत्राला सांगता येत नव्हतं. चारच्या खाली त्याला दिसत नाही, आणि दिसत नाही तिथे ते चोच वासून गप्प बसतं. तो स्टुलावर पुढे वाकून तसाच राहिला. तळघरातल्या त्या खोलीत नेहमीची थंड घरघर चालू होती, छताजवळच्या आडव्या झरोक्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसत होते. नमुन्याला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. तपासणीसाठी रक्त दिलेल्या माणसांची नावं यंत्रापाशी बसणाऱ्याला कळू नयेत असा नियमच होता. पण हा क्रमांक त्याने स्वतःच्या हाताने नळीवर चिकटवला होता, रविवारी सकाळी, घरी, जेवायच्या टेबलावर. नळीतलं रक्त त्याच्या बायकोचं होतं.

पहिल्यांदा त्याला आला तो राग, आणि तोही यंत्राचा. इतकी वर्षं त्याची सेवा केली, धुतलं पुसलं, सुट्टीच्या दिवशी येऊन त्याचे नखरे सोसले, आणि त्याने असं घरच्याच माणसावर उलटावं. त्याने ज्यांचे आकडे आधीच माहीत असतात असे दोन नमुने यंत्रात सरकवले. यंत्राने ते चोख वाचले. मग बायकोची नळी त्याने पुन्हा एकदा लावली आणि हात मांडीवर ठेवून बसला. आत नेलेल्या नातलगाची बाहेर वाट बघत बसतात तसा तो यंत्रासमोर बसला होता आणि आपण तसे बसलो आहोत हे त्याच्या लक्षात येत होतं. पुन्हा तीच चोच. त्याने तो कागद फाडून घेतला, घडी केली, खिशात ठेवला. आणि मग खिशातून काढून परत जागेवर ठेवला, कारण कागद खिशात घालायचा नसतो.

हे सगळं मॅडमच्या डोक्यातून निघालं होतं. मॅडम म्हणजे त्याच्या विभागाच्या प्रमुख, बोलायला तुटक पण मनाने सरळ. प्रत्येक रिपोर्टवर रुग्णाच्या आकड्याशेजारी निरोगी माणसाचा आकडा छापलेला असतो, इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि हा आकडा आपण कुठल्यातरी परक्या पुस्तकातून उचललेला आहे हे त्यांना फार दिवस डाचत होतं. आपल्या गावातली धडधाकट माणसं घेऊ, त्यांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व मोजू, आणि मग निरोगी कशाला म्हणायचं ते आपलं आपण ठरवू, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला सोपं होतं. पण इस्पितळाच्या इमारतीत निरोगी माणूस शोधायचा म्हणजे दुकानाला कुलूप असताना दार वाजवण्यासारखं. शेवटी आपलेच लोक, आपल्या लोकांचे भाऊ, मेहुणे, भाचे, शेजारी यांच्यावर भागवावं लागलं. आजार नाही, गोळ्या चालू नाहीत, हिंडतोफिरतो, एवढं असलं की माणूस निरोगी. आणि निघालं काय, तर या हिंडत्याफिरत्या निरोगी माणसांतले निम्मेअधिक पुस्तकातल्या आकड्याच्या खाली. पहिला आला तो सरडा. सरडा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. कामातून दहा मिनिटं मिळाली की जनरेटरच्या खोलीच्या पायरीवर उन्हात जाऊन डोळे मिटून बसायचा, म्हणून त्याला सगळे सरडा म्हणत. त्याचा आकडा अडतीस आला. आयुष्यात पहिल्यांदाच मी कशाततरी पहिला आलो, असं तो दिवसभर सांगत होता.

स्वतःचा आकडा, बारा, बघून त्याला काही वाटलं नव्हतं. तळघरातला माणूस, सकाळी अंधुकात निघणार, दिवेलागणीला परतणार. बारा म्हणजे कमावलेलाच म्हणायचा. पण बायकोचा? ती तर रोज दुपारी बागेत जाते. त्यानेच तसं अर्जात भरलं होतं. रविवारी टेबलावर सगळं मांडताना त्याने प्रश्न वाचला होता, उन्हात रोज किती वेळ असता, आणि तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच लिहिलं होतं, तास-दीड तास. बाही वर सारून तिने हात पुढे केला होता. त्याआधी तो म्हणाला होता की सोमवारी ये की तिकडे, पाच मिनिटांचं काम. तर ती म्हणाली, एवढ्यासाठी कशाला यायचं, तुम्हाला काय हात नाहीत? मग तो सुई, नळी, पट्टा घेऊन घरी आला. तिच्या दंडाला पट्टा आवळताना त्याला जाणवलं की हा हात त्याने कितीतरी दिवसांत असा धरला नव्हता. जाताना-येताना लागलेला हात वेगळा. हा आतल्या बाजूने पांढरा होता, कागदासारखा, आणि शिरा त्यावर निळ्या पेन्सिलने काढल्यासारख्या. शीर पटकन सापडली. तिने मान फिरवली नाही, नळीत रक्त चढताना ती बघत राहिली आणि म्हणाली, "बरंच काळं असतं नाही." मग त्याने नळीला चंदेरी कागद गुंडाळला. तिने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की जे मोजायचं ते उन्हातून अंगात येतं, पण एकदा नळीत आलं की त्याला उजेड सोसत नाही. ती त्यावर थोडं हसली. टेबलावरून उठताना तिने दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबले आणि स्वतःला वर ढकललं. हे त्याने पाहिलं होतं. गेले काही महिने तो पाहत होता, आणि आता वय झालं आपलं, एवढंच मनात म्हणत होता. त्यात त्याला थोडी सोबतही वाटत होती.

आता स्टुलावर बसल्या बसल्या ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढून पुन्हा जाऊ लागलं, आणि प्रत्येक गोष्टीचं तोंड दुसरीकडे वळलेलं दिसू लागलं. भाच्याच्या लग्नाला ती आली नव्हती, गुडघा दुखतो म्हणून. मेहुणी हल्ली आपणच त्यांच्याकडे यायची. आधी दोघी बहिणी बाहेर भेटत, एकमेकींच्या हातातल्या पिशव्या ओढत तासन् तास दुकानं धुंडाळत. दूध दारात येत होतं. भाजी, किराणा, सगळं फोन केला की वर पोचत होतं, आणि त्याला वाटायचं, काय सोय झाली आहे बघा. केस तिने स्वतःच कापायला सुरुवात केली होती. तो म्हणाला होता, छान दिसतात.

संध्याकाळी सरड्याने निघताना विचारलं, "काय म्हणतात त्या बहिणी? बोलल्या का?" हे त्यांचं रोजचंच झालं होतं. बायको जेवताना बागेतल्या माणसांच्या गोष्टी सांगायची आणि तो त्या दुसऱ्या दिवशी सरड्याला सांगायचा. बागेत एका बाकावर दोन म्हाताऱ्या बहिणी येऊन बसत. दोघींत अबोला होता, पण बाक एकच. एकीने मधे पिशवी ठेवायची, दुसरीने पिशवीकडे बघत बसायचं. थोरली आजारी पडली तेव्हा धाकटी तीन दिवस एकटीच येऊन, मधे स्वतःची पिशवी ठेवून बसली होती. शिवाय एक निवृत्त बँडमास्तर होता, तो काठीने जमिनीवर ताल धरायचा आणि पाखरं बेताल आहेत म्हणून चिडायचा. "अजून नाही बोलल्या," तो सरड्याला म्हणाला.

त्या संध्याकाळीही तिने सांगितलं. धाकट्या बहिणीने नवा चष्मा केला आहे आणि थोरलीने तो पाहिल्याचं मुद्दाम दाखवलं नाही. तो घास चावत तिच्याकडे पाहत होता. ती छान सांगायची. शाळेच्या वाचनालयात इतकी वर्षं काढलेली बाई, कुठे थांबायचं ते तिला कळत होतं. गेल्याच्या गेल्या वर्षी दोन शाळांची एक शाळा झाली, पुस्तकं खोक्यांत भरली गेली आणि तिला घरी बसवलं. तेव्हा त्यानेच म्हटलं होतं, रोज बागेत जात जा, मागेच तर आहे, मोठा रस्ता ओलांडला की झालं. आणि ती जाऊ लागली होती. दाराशी तिचे चालायचे बूट रोज थोडे वेगळ्या जागी असत. म्हणजे तिने ते घातलेले असत. त्याने आता मान वळवून पाहिलं. एक बूट सरळ, एक आडवा. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि पुरावा हा शब्द आपल्या मनात कुठून आला म्हणून तो दचकला. तिने विचारलं, "कुठे लक्ष आहे?" तो म्हणाला, चष्मा कसा होता? ती म्हणाली, जाड काड्यांचा, तपकिरी.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो कागद पाहिला. त्यांनी पेन्सिल त्या ओळीवर टेकवली आणि विचारलं की यंत्र तपासलं का. त्याने सांगितलं, तपासलं, दोनदा. मग तो म्हणाला की हा नमुना वगळलेला बरा, एका माणसापायी सगळ्या हिशेबाची खालची बाजू ओढली जाते आहे. ऐकायला ते शहाणपणाचं होतं आणि त्याने ते शहाणपणाच्याच आवाजात म्हटलं. मॅडमनी चष्मा काढला.

"वगळायला कारण लागतं. आजारी आहे का हा माणूस?"

"आजारी नाही."

"मग घरात कोंडलेला आहे का?"

त्याने टेबलावरच्या कागदाची कड सरळ केली.

"अर्जात तर तास-दीड तास ऊन लिहिलंय. एक तर अर्ज खोटा, नाहीतर हा माणूस आपल्याला समजलेला नाही. आधी नोंदवहीतून नाव काढा आणि जाऊन भेटा त्याला. आपल्याला आवडला नाही म्हणून आकडा काढता येत नाही."

भेटतो, असं म्हणून तो बाहेर आला. कुणाला भेटायचं ते मॅडमना ठाऊक नव्हतं. जिना चढून वर येताना त्याला वाटलं की आपल्याला एखाद्या अनोळखी बाईचा पत्ता दिला आहे आणि योगायोगाने तो आपल्याच घराचा निघाला आहे.

दुपारी अर्धी रजा टाकून तो निघाला. भर दुपारचं शहर त्याच्या ओळखीचं नव्हतं. बसमध्ये शाळेतून परतणारी मुलं, त्यांच्या आया, झोपलेले म्हातारे. सगळ्यांच्या अंगावर ऊन पट्ट्यापट्ट्यांनी सरकत होतं आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. तो घराच्या स्टॉपवर उतरला नाही. पुढे जाऊन मोठ्या रस्त्याच्या पलीकडे उतरला, म्हणजे थेट बागेपाशी. इतकी वर्षं इथे राहून या बाजूला येण्याची त्याला गरज पडली नव्हती. त्याची बस उलट्या दिशेने जायची, त्याचा न्हावी, त्याचं औषधाचं दुकान, सगळं उलट्या दिशेला. कोपरा वळताना त्याने मनात ठरवून टाकलं होतं की लांबूनच बघायचं. ती बाकावर बसलेली दिसली की मागच्या मागे फिरायचं आणि परत कधी या गोष्टीचा विचार करायचा नाही. कदाचित ती झाडाखाली बसत असेल. अंग झाकून बसत असेल. काही माणसांच्या कातडीला ऊन लागतच नाही. हे सगळं तो तिथे पोचेपर्यंत स्वतःला सांगत होता.

बागेच्या जागी पत्रे होते. पुरुषभर उंचीचे निळे पत्रे, एकमेकांना तारेने बांधलेले, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तारा गंजल्या होत्या, पत्र्यांवर जाहिराती चिकटवल्या होत्या आणि त्या जाहिरातींवर दुसऱ्या जाहिराती. फटीतून त्याने पाहिलं. आत मोठा खड्डा होता, त्याच्या तळाशी सळया उभ्या होत्या आणि हिरवट पाणी साचलं होतं. फाटकाशी खुर्ची टाकून पहारेकरी बसला होता. तो म्हणाला की पाण्याची टाकी होणार आहे जमिनीखाली, वर पुन्हा बाग करणार म्हणतात. कधीपासून बंद आहे विचारलं, तर त्याने मान हलवली. तो इथे लागला त्याच्या आधीपासून, गेल्या उन्हाळ्याच्याही आधीपासून. मग पहारेकऱ्यानेच उलट विचारलं, कुणी हरवलंय का? नाही, तो म्हणाला, सहज. आणि तिथेच उभा राहिला. त्याला राग येत नव्हता. कुणी फसवलं असंही वाटत नव्हतं. फक्त तो तपकिरी चष्मा आठवत होता, जाड काड्यांचा, आणि काल रात्री तो ऐकताना आपल्याला तो किती स्पष्ट दिसला होता ते.

मोठा रस्ता ओलांडून तो घरी आला. आपल्या किल्लीने त्याने दार उघडलं. बाहेरची खोली उन्हाने भरलेली होती. खिडकी पश्चिमेची, आणि तिच्याशी खुर्ची लावून ती बसली होती. केस नीट विंचरलेले, बाहेर जायचे कपडे, पायांत चालायचे बूट, नाड्या बांधलेल्या. मांडीवर हात, आणि हातांवर, चेहऱ्यावर, गळ्यावर ऊन. खिडकीची काच लावलेली होती. रस्त्याचा आवाज येतो म्हणून ती नेहमीच लावलेली असायची. काचेतून आलेल्या उन्हाला ऊब असते, उजेड असतो, पण जे कातडीत जाऊन काम करतं ते काच अडवून ठेवते. ही गोष्ट त्याने किती जणांना समजावून सांगितली होती. तिला सांगायचं कधी मनात आलं नव्हतं.

ती दचकली नाही. लवकर कसे आलात, बरं नाही का, असं तिने विचारलं. मग त्याची नजर बुटांवर आहे हे तिला दिसलं आणि तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले, शाळेत बाई जवळ आल्यावर एखादी मुलगी घेते तसे. बुटांचे तळवे त्याला दिसले. त्यांवरची नक्षी जशीच्या तशी होती.

तो समोर बसला. काय विचारायचं ते त्याने वाटेत दहा प्रकारे जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. शेवटी त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "बाग बंद आहे गं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. "बंद? कधीपासून?"

तिला ठाऊक नव्हतं. हे त्याला कळायला एक क्षण लागला. त्याने सांगितलं, टाकी होते आहे, बरेच महिने झाले. तिने झाडांचं विचारलं. झाडं काढली, तो म्हणाला. फाटकाजवळचं ते मोठं? तेही. ती खिडकीबाहेर पाहू लागली. तिथून बाग दिसत नव्हती, समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. "मग त्या दोघी आता कुठे बसत असतील?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मग तिने सांगितलं. काही लपवण्यासारखं उरलं नव्हतं म्हणून असेल, ती अगदी साध्या आवाजात सांगत गेली. सुरुवातीचे आठवडे खरे होते. त्या बहिणी खऱ्या होत्या, पिशवी खरी होती, बँडमास्तरही. मग एका दुपारी बागेतून परत येताना ती मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिचा पाय खाली पडेना. काही झालं नव्हतं. गाडी अंगावर आली नव्हती, चक्कर आली नव्हती. दिवा हिरवा झाला, लोक निघून गेले, पुन्हा लाल झाला. ती फुटपाथच्या कडेकडे बघत होती, आणि ती कड आणि खालचा रस्ता यांच्यामधलं वीतभर अंतर तिला उतरता येईना. घाम फुटला. लोक तिला वळसा घालून जात होते. शेवटी पार्सलं पोचवणाऱ्या एका माणसाने गाडी बाजूला लावली, तिचा हात धरला आणि म्हणाला, चला आजी. तिला सांगायचं होतं की मी आजी नाही, मला मूलसुद्धा नाही. पण दातखीळ बसली होती. त्याने तिला पलीकडे आणलं, इमारतीच्या दारापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी ती तयार झाली, बूट घातले, आणि जिन्यातूनच परत आली. तिसऱ्या दिवशी दारातून. तेव्हापासून ती रोज तयार होते. उद्या जमेल असं रोज वाटतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. त्याच दिवशी सांगणार होते." तिने हातावरचं ऊन पुसल्यासारखं पुसलं. "तुम्ही आलात, हात धुतलेत आणि विचारलंत, काय, आज काय म्हणतात तुमच्या बहिणी? इतके दमून आला होतात, आणि ते विचारताना तुमचा चेहरा जरा बरा झाला. मग सांगितलं काहीतरी. मग रोजच सांगावं लागलं."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. असता तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्याला आपलंच ते विचारणं ऐकू आलं, नळाखाली हात धरून, पाठ तिच्याकडे करून, आज काय म्हणतात. उत्तर येईपर्यंत तो ताटाकडे वळलेला असायचा. ती गोष्ट ऐकली की दिवसाचं घरातलं काम झाल्यासारखं वाटायचं. बायको बाहेर जाऊन आली आहे, तिला माणसं भेटली आहेत, आता आपण तिची काळजी करायला नको. त्या दोन बहिणींनी इतके महिने मधे बसून हे घर चालवलं होतं.

तिने रक्ताचं विचारलं, आणि त्याने सांगितलं, चारपेक्षा कमी. म्हणजे नापास का, ती म्हणाली. तसं काही नाही, थेंब असतात, आठवड्यातून एकदा घ्यायचे, दोन महिन्यांत वर येतो. ते त्याला बोलता बोलताच भयंकर वाटलं. कारण ते खरं होतं. दोन महिन्यांत आकडा वीसच्या वर जाईल, कदाचित तीसच्याही. गुडघे दुखायचे थांबतील, तिच्या नळीपुढे यंत्र मुकाट्याने आकडा काढील, आणि मॅडम मान डोलावतील. ही खुर्ची, ही काच, हे बांधलेले बूट, यांतलं काहीही जागचं हलायला नको. इथे बसल्या बसल्या ती निरोगी माणसांत जाऊन बसेल. तो ज्या कामाला आयुष्यभर मोजणं म्हणत आला ते काम तिच्यापासून इतक्या लांब, इतक्या वरवर चाललं होतं, की एवढं अचूक मोजूनही हाताला काहीच लागत नव्हतं. आणि ती चोचसुद्धा योगायोगानेच दिसली. अभ्यासाला माणसं कमी पडली नसती तर तो आजही तळघरात बसून चष्म्याची गोष्ट उद्या सरड्याला कशी सांगायची ते ठरवत असता.

"चल," तो उठून म्हणाला. "रस्त्यावर नको. खालच्या फाटकापर्यंत. मी आहे."

तिने नको म्हटलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून ती उठली. त्याने दार ओढून घेतलं, किल्ली खिशात टाकली. जिन्यात ती कठड्याच्या बाजूने चालू लागली, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी, मग पुन्हा पहिला. तिचा हात त्याच्या दंडाभोवती होता आणि हळूहळू घट्ट होत होता. पहिल्या वळणापर्यंत ठीक गेलं. वळणावर खालचं फाटक वाजलं, कुणीतरी आत येत होतं, बाहेरचा गलका एकदम वर चढून आला, आणि ती थांबली. तिच्या ओठांवरचा रंग गेला होता. बसू या जरा, ती म्हणाली. ते पायरीवर बसले. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. कपड्याखाली तिचं काळीज पळत होतं. त्याला आठवेना की आता काय म्हणायचं असतं. काही नाही, होईल, असं तो म्हणाला, आणि ते शब्द जिन्यात फार मोठे वाटले.

वरच्या मजल्यावरची शेजारीण दोन्ही हातांत सामान घेऊन चढत आली. दोघांना पायरीवर बसलेलं पाहून ती थबकली. नवराबायको दुपारचे जिन्यात बसलेले, हे दृश्य काही रोजचं नव्हतं. काय झालं, किल्ली विसरलात का, असं तिने विचारलं.

"हो ना," त्याची बायको म्हणाली. आवाज हसरा होता, मोकळा, जरासा थट्टेचा. जेवणाच्या टेबलावरचा तोच आवाज. "यांनी कुठेतरी टाकली. किल्लीवाल्याला बोलावलंय, बसलोय वाट बघत."

शेजारीण त्याच्याकडे पाहून हसली. पुरुषांचं असंच, असं काहीतरी म्हणाली. त्याच्या खिशातली किल्ली मांडीला टोचत होती.

"येईलच इतक्यात," तो म्हणाला.

"मग तोवर वर या की आमच्याकडे. इथे कशाला बसता?"

"नको," दोघं एकदमच म्हणाले. मग त्याने सावरून घेतलं, म्हणाला, इथेच बरं आहे, तो आला की दिसेल. शेजारणीने मान हलवली आणि त्यांच्या बाजूने अंग चोरून ती वर गेली. तिची पावलं, पिशव्या खाली ठेवल्याचा आवाज, कुलूप, दार उघडणं, दार लागणं, हे सगळं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग जिना शांत झाला. ती उठली नाही, तोही उठला नाही. दोघं खालच्या पायऱ्यांकडे बघत बसून राहिले, खरोखरच कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.